डावं-उजवं

आमच्या परभणीकडं अँप्लिफायर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दम किती हाय?" आवाज स्वच्छ येतो का, गाणाऱ्याचे शब्द कळतात का, हे पुढचं पुढं. पाथरीच्या लग्नातला बँड शेजारच्या गावात ऐकू गेला तर तो अँप चांगला, नाहीतर भंगारात द्यायच्या लायकीचा. मी वीस-बावीस वर्षं या समजुतीला हसत आलो. माझ्यावर पाळी आली तेव्हा मात्र मीही दमच बघितला, आणि त्यापायी अडीच महिने मी जे काढले ते शत्रूवरही येऊ नयेत.

माझं काम रेकॉर्डिंगचं. भजनी मंडळं, भीमगीतं गाणारे, उरुसातले कव्वाल, ज्याला आपला आवाज जपायचाय किंवा मोबाइलवर चढवायचाय तो माझ्याकडं येतो. गावात जाऊन आवाज भरून आणायचा आणि घरी बसून तो नीट लावायचा. गळा मधोमध, पखवाज जरा मागं, टाळ दोन्ही अंगांना सारखे. जेवायला वाढल्यासारखंच असतं ते, प्रत्येक गोष्ट ताटात आपल्या जागी हवी. घर मात्र या कामाला अगदी नालायक. समोर रस्ता, खाली पिठाची गिरणी, वर पंखा. स्पीकरवर काम करणं शक्यच नव्हतं, आणि जुन्या मोठ्या हेडफोनच्या गाद्या घामानं फुटून त्याचं काळं कातडं माझ्या गालांना चिकटायला लागलं होतं.

त्यात सोनपेठकडच्या एका बुवांचं काम आलं. वय पंचाहत्तरीच्या पुढं, गळा अजून खणखणीत. त्यांच्या गुरूकडून आलेल्या जुन्या चाली त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हत्या. "भाऊ," ते मला म्हणाले, "पोरं नव्या चाली म्हणायलेत, म्हणू द्या. पण ह्या माझ्यासंगं जाळू नका." तीस-बत्तीस अभंग होते. मी ठरवलं की हे काम फुटक्या हेडफोनवर करायचं नाही. गायक स्टेजवर कानात घालतात तसले चांगले मॉनिटर घ्यायचे, कान बंद करून बाहेरचं जग बाहेर ठेवणारे.

संक्रांतीनंतर त्यासाठी हैदराबादला गेलो. आमच्याकडची माणसं मोठ्या खरेदीला अजूनही तिकडंच जातात, पुणं आम्हाला लांब वाटतं. दुकान एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं आणि दुकानदार माझ्याच वयाचा, हळू बोलणारा माणूस होता. मी बुवांचं एक रेकॉर्डिंग बरोबर नेलं होतं. त्यानं मोबाइलला लावून दिलेली पहिली जोडी कानात घातली तर टाळ सुईसारखे टोचायला लागले. दुसरीत पखवाजाचा जाड आवाजाचा धुमा असा फुगला की बुवा विहिरीतून गातायत असं वाटलं. तिसरी घातली आणि मी खुर्चीत सरळ झालो. बुवांनी ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. दोन ओळींच्या मधे त्यांनी गालातली सुपारी या बाजूची त्या बाजूला केली, तीही ऐकू आली. मी स्वतः भरलेल्या आवाजात सुपारी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"यह लेतूं," मी माझ्या मोडक्या दखनीत म्हणालो. किंमत माझ्या मोटारसायकलीपेक्षा जास्त होती, पण मोटारसायकलीवर माझं पोट नव्हतं.

प्रश्न आता अँपचा होता. दुकानदारानं काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा समोर ठेवला. मला ते बघूनच कसंतरी झालं. त्याच्या मागं फळीवर एक काळा, लोखंडी, दोन हातांनी उचलावा लागेल असा अँप होता. समोर जिलेबीएवढं आवाजाचं बटण. मी तिकडं बोट केलं.

"वो नक्को साब," तो म्हणाला. "वो बड़े हेडफोनां के वास्ते है. ये जोडी भौत नाजूक है, जरा से करंट पे बोल देती. इसको ताकत नक्को."

"दम होना," मी म्हणालो.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अँपकडं, आणि खोकं आणायला आत गेला. गिऱ्हाइकाशी दोनदा वाद घालायचा नाही अशी त्याची रीत असावी. मला वाटलं, शहरातला माणूस, परभणीचं गिऱ्हाईक बघून स्वस्तातलं गळ्यात मारायला बघतोय.

घरी आणून जोडलं तेव्हा माझी छाती फुगली. बटण बोटभर फिरवायचीही गरज नव्हती, नुसतं धक्का लावल्यासारखं केलं की कान भरायचे. त्याच्या पुढं जायची हिंमत नव्हती. काही वाजत नसताना बारीक फुस्स येत राहायचं, पण ते मी रेकॉर्डिंगच्या माथी मारलं. बायकोला बोलावून दाखवलं, "बघ, अजून सगळा दम तसाच हाय." तिनं मान डोलावली आणि कपडे वाळत घालायला गेली.

चार-पाच दिवसांनी, दुपारी, बुवांचा तिसरा अभंग लावत होतो. गळा मधोमध ठेवला आणि तो उजवीकडं सरकला. मी परत मधे आणला. परत उजवीकडं. स्क्रीनवर दोन्ही बाजूंच्या आवाजाच्या पट्ट्या बघितल्या तर दोन्ही सारख्या उंचीच्या नाचत होत्या. म्हणजे रेकॉर्डिंग बरोबर होतं. पट्ट्या सारख्या, आणि मला डावीकडं कमी.

मी मॉनिटर काढले, पुसले, परत घातले. तसंच. डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून बघितला, पण त्यांचा आकार ज्या त्या कानाच्या मापाचा, उलटे घातल्यावर ते अर्धवट बसले आणि सगळाच आवाज पातळ झाला. त्यातून काही कळेना. दुकानात तर दोन्ही बाजूंना सारखं आलं होतं, माझ्या याच कानांनी मी ते ऐकलं होतं. एवढी महागाची नवी वस्तू, एवढा वजनदार अँप, त्यांत खोट निघेल हे डोक्यात शिरलंच नाही. उरला माझा कान.

तरी एक साक्षीदार हवा होता. बायको पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, आणि मी तिला खुर्चीत बसवलं. तिच्या कानात मॉनिटर नीट बसवले आणि बुवांचा अभंग लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली. चेहऱ्यावरचा शाळेचा शीण उतरताना दिसला.

"लय ग्वाड येतंय की," ती म्हणाली. "बुवा इथंच बसल्यावानी."

"कोणत्या बाजूनं जास्त येतंय?"

"बाजूनं?" तिनं डोळे मिटून परत ऐकलं. "न्हाई बाई. मला तर काही डावं-उजवं वाटत न्हाई."

डावं-उजवं. दोन साड्यांत, दोन स्थळांत, दोन पोरांच्या अक्षरात फरक नाही असं सांगायचं असलं की आमच्याकडं हाच शब्द निघतो. रोज दहा वेळा ऐकलेला. त्या दिवशी तो ऐकून मी परत एकदा स्क्रीनवरच्या पट्ट्या बघितल्या.

"का हो? तुमाला वाटायलंय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "सहज इचारलं."

मला भीती का वाटली ते सांगायला हवं. माझे वडील लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्नं, सभा, जत्रा, कुठंही भोंगा बांधायचा तर त्यांना बोलवायचे. भोंग्याच्या खाली उभं राहून त्यांची उमर गेली. पन्नाशीच्या आत डावा कान गेला, मग उजवाही. आम्ही घरातल्यांनी त्यांच्याशी काय केलं ते मला चांगलं आठवतं. आधी मोठ्यानं बोललो, मग ओरडलो, मग चिडलो, शेवटी बोलणंच कमी केलं. पाहुण्यांसमोर ते भलतंच उत्तर द्यायचे आणि आम्ही तोंड फिरवून हसायचो. तेही हसायचे, आम्ही कशाला हसतोय ते न कळता. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. हिशेब बरोबर जुळत होता, कानसुद्धा तोच.

मी कुणाला काही बोललो नाही. काम चालू ठेवलं, पण ते काम कसलं, मी पट्ट्यांशी भांडत बसायचो. पट्ट्या म्हणायच्या, आवाज मधोमध आहे. कान म्हणायचा, उजवीकडं कलतोय. जन्मभर मी कानाचं ऐकलं होतं, पट्ट्या बघून काम करणाऱ्यांची टर उडवली होती. आता कान खोटा आहे हे माहीत असूनही हात आपोआप डावी बाजू वाढवायचा. ती वाढवली की मला बरं वाटायचं, गळा मधे यायचा, टाळ दोन्ही अंगांना बसायचे. असे आठ अभंग मी बुवांना पाठवले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भाऊ, आवाज लय झ्याक हाय," त्यांनी सुरुवात केली, म्हणजे पुढं काहीतरी होतं. "फकस्त एक इचारतो, राग धरू नका. सगळे टाळकरी डाव्या अंगालाच बसवलेत का? नातवानं गाडीत लावलं तर म्हणला, आज्या, उजवीकडचा स्पीकर गेला काय."

"गाडीतला स्पीकरच खराब असंल," मी म्हणालो, नको तितक्या मोठ्यानं.

"असंल, असंल," ते लगेच म्हणाले. त्यांच्या त्या मवाळपणाची मला जास्त लाज वाटली.

मी फोन ठेवला. इतके दिवस ही माझी एकट्याची शंका होती, आता सोनपेठला बसलेल्या माणसालाही ती ऐकू आली होती. वडिलांचं दुखणं आमच्या घरात राहिलं, माझं मोबाइलवरून गावोगाव जाणार होतं.

त्यानंतर मला सगळीकडं पुरावे दिसायला लागले. गावात जाऊन आवाज भरताना जुने हेडफोन घालायचो, त्यांतही डावीकडं कमी वाटायला लागलं. उजव्या अंगावर झोपलो की गिरणी बंद पडल्यासारखी वाटायची, मग उठून बसायचो. घरातही तेच. मी काही बोललो की बायको म्हणायची, "काय म्हणलात?" आधीही कधीमधी म्हणायची, आता मी मोजायला लागलो. मी कुठंतरी ऐकलं होतं की ज्याचा कान जातो त्याला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. वडील कधी फार मोठ्यानं बोलायचे, कधी ओठातल्या ओठात. मला वाटलं, माझंही तसंच व्हायलंय, मी बोलतोय असं मला वाटतं आणि तोंडातून निघतच नाही. मग मी मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागलो. ती दचकायची.

एकदा जेवताना मी वरण मागितलं. तिनं भाकरी वाढली. मी परत वरण म्हणालो, ती म्हणाली, "काय?" आणि माझा तोल गेला.

"कान हायेत का भोकं?" मी म्हणालो.

हे वाक्य आमच्या घरात वडिलांना म्हणायचे. माझ्या तोंडात ते तयारच होतं. तिनं वरणाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं आणि खाली मान घालून जेवत राहिली. मी माफी मागायला हवी होती. पण माफी मागितली असती तर का चिडलो तेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी वरण तसंच ताटात ठेवून उठलो.

मार्च सरता सरता मी ठरवून टाकलं. नवं काम घेणं आधीच थांबवलं होतं. बुवांना फोन करून सांगितलं की नांदेडला एक चांगला माणूस आहे, त्याच्याकडं सगळं देतो, तो नीट लावून देईल, मला सवड नाही. बुवा म्हणाले, "तुमची मर्जी, भाऊ." त्या दिवशी मी अँप, मॉनिटर, वायरी सगळं एका पिशवीत भरून पलंगाखाली सरकवलं. बावीस वर्षांचं काम एका पिशवीत मावलं याचा मला रागही आला आणि रडूही.

बुवा साधे असले तरी भोळे नव्हते. त्यांनी माझ्या बायकोला फोन केला. ती शाळेतून आली ती खांद्यावरची पर्स न उतरवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"बुवा म्हणायलेत, तुमी काम सोडलं. सवड न्हाई म्हणे. दिवसभर तर पलंगावर पडून असता. काय झालंय?"

मी खिडकीकडं बघत सांगितलं, "माझा डावा कान चाललाय."

ती जवळ आली. "काय म्हणलात?"

मी वळलो आणि तिच्या तोंडावर ओरडलो, "डावा कान चाललाय माझा. बहिरा व्हायलोय मी. आमच्या बापासारखा." खालची गिरणी नेमकी बंद होती. सगळ्या आळीला कळलं असणार.

ती पलंगावर बसली. माझा हात धरला. मला वाटलं होतं, ती रडेल. ती म्हणाली, "शनिवारी सकाळची शाळा हाय. साडेअकराला मी स्टँडवर उतरते. तुमी थेट दवाखान्यात या." मुलांना सहलीच्या सूचना देताना ती असंच बोलत असणार.

कानाच्या डॉक्टरनं मला काचेच्या एका पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, बारीक जरी आवाज आला तरी हात वर करा. मी डोळे मिटले. डावीकडं पहिला आवाज आला तेव्हा तो खरंच आला की मी इच्छेनं ऐकला ते कळेना. हात वर करावा की नाही? खोटा हात वर केला तर फसवणूक कुणाची? घामानं शर्ट पाठीला चिकटला. काचेपलीकडं बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

शेवटी डॉक्टरनं कागद समोर ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल, आणि त्या जवळजवळ एकमेकींवरून चालल्या होत्या.

"दोन्ही कान चांगले आहेत," तो म्हणाला. "वयाच्या मानानं फारच चांगले."

"नीट बघा एकदा," मी म्हणालो. "डाव्यात कमी येतं मला. धंदा हाय माझा, मला कळतं."

"अहो, चांगल्या कानाचा पेशंट भांडायला लागलेला मी पहिल्यांदा बघतोय," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर रसवंती होती, तिथं आम्ही उभे राहिलो. बायको हसत होती, बऱ्याच दिवसांनी. "अडीच महिने तोंड पाडून बसलात," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं." मी रस पीत होतो पण चव लागत नव्हती. कान चांगले, रेकॉर्डिंग चांगलं. मग आवाज कलत होता कुणामुळं?

घरी पोचल्यावर चपलाही न काढता मी पलंगाखालची पिशवी ओढली. मॉनिटर काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ लॅपटॉपच्या भोकात खुपसले. इतके दिवस तसं केलंच नव्हतं, एवढ्या भारी मॉनिटरला लॅपटॉप लावणं मला हलकेपणाचं वाटायचं. बुवांचा मूळ अभंग लावला. गळा मधोमध. टाळ दोन्ही अंगांना. मी अँप मधे जोडला. गळा उजवीकडं सरकला. अँप काढला, गळा मधे. परत जोडला, परत उजवीकडं. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच झालं.

हैदराबादला फोन लावला. दुकानदारानं शांतपणे समजावलं. त्या बटणाच्या आत दोन्ही कानांसाठी दोन वेगळ्या वाटा असतात. सुरुवातीला त्या मागं-पुढं होतात, एका बाजूला जास्त आवाज जातो, बटण थोडं पुढं गेलं की दोन्ही सारख्या चालतात. औताला जुंपलेली बैलजोडी पहिल्या दोन पावलांना मागं-पुढं ओढते तशी. मोठे हेडफोन लावणारा माणूस त्या पहिल्या पावलांत कधी थांबतच नाही. माझे मॉनिटर इतके नाजूक की मला तिथून पुढं जाताच येत नव्हतं. ते फुस्ससुद्धा अँपचंच होतं.

"मैं बोला था ना साब," तो म्हणाला. "नक्को."

मी मोठ्यानं हसलो, मग खुर्चीत बसून चक्क रडलो. मी बहिरा होणार नव्हतो. दमाच्या नादानं मीच मला बहिरा ठरवलं होतं. बुवांना फोन केला, सगळे अभंग परत लावून देतो म्हणालो, कारण विचारू नका म्हणालो. त्यांनी विचारलं नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात तांदळाचं ताट. मी तिला डावं-उजवं सगळं हातवारे करून समजावलं.

"म्हणजे तुमचं यंत्रच एका बाजूला वाजायलं व्हतं," ती म्हणाली.

"हां. उजव्याला जवळजवळ दुप्पट, डाव्याला निम्मं. कुणालाबी कळलं असतं."

तिनं ताटातला एक खडा वेचला. दुसरा वेचता वेचता ती थांबली.

"मग मला कसं सारखं आलं?"

मी हसतच होतो. हे तिनं गमतीनं विचारलं असं वाटलं, मग ती माझ्याकडं बघत उत्तराची वाट बघतेय हे दिसलं. उजवीकडं दुप्पट. आणि तिला दोन्हीकडून सारखं. माझं हसू कुठल्या क्षणी थांबलं ते मला सांगता येत नाही. अडीच महिने मी घरातला प्रत्येक "काय" गोळा करून स्वतःच्या कानावर लादला होता, आणि ते सगळे तिच्या तोंडचे होते. वरणाच्या वेळी मी तिला जे बोललो ते आठवून माझी मान वर होईना.

"तुला आवाजातलं काय कळतंय," असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी तिला खुर्चीत बसवलं.

अँप बाजूला ठेवला, मॉनिटर लॅपटॉपला लावले, तिचे केस मागं सारून दोन्ही कानांत नीट बसवले. डॉक्टरनं सांगितलं तसंच सांगितलं, बारीक जरी आवाज आला तरी हात वर कर. ती म्हणाली, "कळतंय हो मला, मघाशी बघितलंय मी," आणि डोळे मिटून बसली. मी आधी फक्त डावीकडं लावलं, अगदी तळापासून, आवाज पायरी-पायरीनं चढवत. दुसऱ्याच पायरीला तिचा हात वर गेला, बांगड्या वाजल्या. ती खूश झाली.

मग मी डावीकडचं बंद केलं आणि उजवीकडचं चालू केलं. दोन पायऱ्या. चार. सहा. तिचा हात मांडीवर होता. मी ज्या आवाजावर रोज काम करतो तिथपर्यंत आलो. तिच्या चेहऱ्यावर, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर आठवेपर्यंत थांबते तसा शांतपणा होता. मी आणखी एक पायरी चढवली आणि बोट तिथंच धरून ठेवलं. बुवा गात होते, टाळ वाजत होते, स्क्रीनवर पट्टी नाचत होती.

डोळे न उघडता ती म्हणाली, "लावा की आता."